रिकामी पिकअप घाट चढताना मिसिंग मारते, ॲटोमायझर करून पण तेच. पंप खोलू का?

ओतूरचा_बाळू | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा. माझी २००८ ची डिझेल पिकअप आहे, चार सिलिंडर, २.५ लिटर, टर्बो आहे पण कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवीन डिझेल सिस्टीम) नाही, डिझेलला दाब देणारा जुना रोटरी पंप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा कुणाची गाडी भारी याच्यावर जातो आणि माझं राहतं बाजूला. टोमॅटो-कांदा घेऊन वाशी मार्केटला जातो, आठवड्यात चार फेऱ्या, माळशेज घाटानं.

तक्रार अशी आहे की गेले चार महिने गाडी मिसिंग मारतीय, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतंय. सकाळी थंड असताना स्टार्ट केली की खडखड करती, अख्खी केबिन हलती, पांढरा धूर टाकती, त्या धुराचा डोळ्याला झोंबणारा वास येतो, पाच-सात मिनिटांनी जरा सरळ होती. आणि दुसरं म्हणजे वाशीवरून येताना टोकावडे सोडलं आन घाट सुरू झाला की गाडी मधूनच झटके मारती, पाय दाबला तरी ओढत नाही, दोन मिनिटं नीट चालती, परत झटका. दोनदा तर बोगद्याच्या अलीकडं बंदच पडली, हातपंप मारून मारून चालू केली, मागं दुधाचा टँकर हॉर्न वाजवतोय आणि पाऊस असा की बोनट उघडलं तर नाकात पाणी.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एअर फिल्टर बदलला, चारी ॲटोमायझरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) नवीन नोझल टाकून प्रेशर सेट करून घेतलं, टर्बोचा होस बदलला. सगळं धरून साडेअकरा हजार गेले. फरक झाला तो उलटाच, सकाळची खडखड नोझल बदलल्यावर जास्त वाटायला लागली. आता मिस्त्री म्हणतोय पंप खोलावा लागेल, १८ हजार धरून चाला. टोमॅटोचे भाव बघता १८ हजार आणायचे कुठून हा वेगळा विषय आहे. पंप खोलू का? का अजून काही बघायचं राहिलंय?

---

घाटवाला_किरण | सोमवार, रात्री ११:२०

दादा लोड किती टाकता? दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरून घाट चढवला तर बिचारी मिसिंग नाही मारणार तर काय करणार 😀 जोक सोडा, एकदा स्कॅनर लावून घ्या, एरर कोड आला की पाच मिनिटांत कळतं.

---

ओतूरचा_बाळू | सोमवार, रात्री ११:३१

किरणभाऊ, गाडीला ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही तर स्कॅनर लावू कुठं, स्टेअरिंगला? 😅 आणि लोडचं म्हणाल तर गंमत हीच आहे की भरलेली गाडी घाट उतरते. चढते ती येताना, रिकामी. मागं फक्त रिकामे क्रेट असतात. संगमनेरहून पेंडीची पोती भरून चंदनापुरीचा घाट याच गाडीनं चढलोय मागच्या महिन्यात, कुरकूर नाही केली.

---

ह्युस्टनचा_मंदार | मंगळवार, सकाळी ६:०५

माझ्याकडे पण जुना पिकअप ट्रक आहे, १९९९ चा, पेट्रोल व्ही-८, सेम प्रॉब्लेम होता. स्पार्क प्लग आणि कॉइल चेक केलेत का? माझी एक कॉइल गेली होती, ओलाव्यात जास्त मिसिंग करायची.

---

ओतूरचा_बाळू | मंगळवार, सकाळी ७:१०

मंदारदादा डिझेलला स्पार्क प्लग नसतो ओ, दाबानंच पेट घेतं.

---

ह्युस्टनचा_मंदार | मंगळवार, सकाळी ७:१८

अरे हो सॉरी, झोपेत वाचलं. "डिझेल" शब्दच निसटला 🙏 पण एक गोष्ट सांगतो ती कदाचित डिझेललाही लागू पडेल. इकडे १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (स्कॅनर लावून दोषाचे कोड वाचायची सोय) आहे, त्यात मिसफायरचे कोड दोन जातीचे येतात. पी०३०० आला म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरला होतंय, फिरतंय. पी०३०४ आला म्हणजे फक्त चार नंबर. माझा पी०३०४ होता. मी चारची कॉइल काढून सहावर लावली आणि सहाची चारवर, खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी कोड पी०३०६ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर चालत गेला, म्हणजे कॉइलच खराब. तुमच्याकडे कोड नसेल पण मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे का फिरतं आहे हे आधी शोधता येईल ना काहीतरी करून?

---

नाना_एसटीवाले | मंगळवार, दुपारी १:४५

ह्युस्टनवाल्या पोराने झोपेत का होईना लाखातलं बोललाय.

बाळू, मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, पंप-ॲटोमायझर सेक्शनलाच १४. रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली, पण अजून शेजारच्याची गाडी मिसिंगला चालू असली की माझा चहा थांबतो. तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू एक तक्रार म्हणून लिहिलीस पण ह्या दोन तक्रारी आहेत आणि त्या तू एकाच पोत्यात भरल्यास, म्हणून तुझा मिस्त्री पण गोंधळला.

सकाळी थंड असताना एका लयीत खडखड, पांढरा झोंबणारा धूर, गरम झाली की कमी. ही एका सिलिंडरची तक्रार वाटते. पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, कुठल्यातरी सिलिंडरमध्ये डिझेल जातंय पण पेट घेत नाही, गरम झाल्यावर कसंबसं घेतं. निळा असता तर ऑईल म्हणालो असतो, काळा असता तर हवा कमी.

घाटातले झटके, मधेच नीट, मधेच बंद, हातपंप मारला की चालू. ही सिलिंडरची तक्रार नव्हेच. सिलिंडर बिघडला तर तो बिघडलेलाच राहतो, दोन मिनिटं सुट्टी घेऊन परत येत नाही. हातपंप मारून चालू होते याचा अर्थ पंपापर्यंत डिझेल पोचत नव्हतं, गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या लाईनीत हवा शिरते.

आता मला हे सांग, डिझेल कुठं भरतोस आणि केवढं भरतोस? आणि सकाळच्या मिसिंगसाठी उद्या हे कर. गाडी थंड असताना स्टार्ट कर, स्लोला चालू ठेव, ॲटोमायझरवर जे हाय प्रेशर पाईप येतात त्यांचा नट १७ च्या पान्याने एकेक करून अर्धा फेरा ढिला कर, वर फडकं धर, पाच सेकंद ऐक, परत आवळ, मग पुढचा. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिन आणखी पडतं (आवाज खाली जातो) तो सिलिंडर काम करत होता. ज्याचा ढिला करून इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो तुझा चोर. डोळ्याला चष्मा लाव, हातमोजे घाल, बोट धारेसमोर अजिबात नेऊ नको, ते डिझेल कातडीत घुसतं आणि मग बोट जातं, आमच्या डेपोत पाहिलंय मी.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना हात जोडून सांगतो, हा प्रकार फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेल गाडीचा नट चालू इंजिनवर ढिला करायचा नाही, तिथं हजार-दीड हजार बारचा दाब असतो.

---

सुनीता_ट्रान्सपोर्ट | मंगळवार, दुपारी ३:३०

बाळूभाऊ, आमच्या दोन पिकअप आहेत नाशिकला, द्राक्षाच्या सीझनला रात्रंदिवस चालतात. नानांचं बरोबर आहे पण त्याआधी एक फुकटचं काम करा, सेडिमेंटरच्या (डिझेलमधलं पाणी-कचरा खाली बसतो ती वाटी) खालचा स्क्रू सोडून अर्धा ग्लास डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर बसला तर अर्ध्या तक्रारीचं उत्तर तिथंच. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असलं की पाणी आत जातं, आमच्या एका गाडीला तेच झालं होतं आणि आम्ही महिनाभर पंपावरच्या पोराला शिव्या घालत बसलो.

आणि कुणी सांगितलं म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. आमच्या जुन्या ड्रायव्हरला ती सवय होती, "नोझल धुऊन निघतात ताई". निघाले की, पंपासकट.

---

नाना_एसटीवाले | मंगळवार, दुपारी ४:०२

सुनीताताईंना दोन मार्क जास्त. रोटरी पंपाला ऑईलिंग वेगळं नसतं, आतून जे डिझेल फिरतं तेच त्याचं वंगण. रॉकेल पातळ, कोरडं, पंप आतून घासला जातो.

---

ओतूरचा_बाळू | मंगळवार, रात्री ९:१५

नाना, डिझेल ओतूरलाच भरतो, निघताना संध्याकाळी. टाकी फुल कधी करत नाही, खरं सांगायचं तर तेवढे पैसे एकदम नसतात, तीस लिटर टाकतो, त्यात जाऊन येऊन होतं. घाटात येईपर्यंत काटा पावच्या खाली असतो. त्याचा काय संबंध? पावशेर डिझेल तर असतंच की टाकीत.

ताई, बाटलीत काढून ठेवलंय, पाणी नाही. थोडा लाल गंज आला खाली, चिमूटभर.

---

नाना_एसटीवाले | मंगळवार, रात्री ९:४०

चिमूटभर गंज. बरं.

चंदनापुरी चढलास तेव्हा काटा कुठं होता?

---

ओतूरचा_बाळू | मंगळवार, रात्री ९:४४

त्या दिवशी पेंडवाल्या शेटनं भाड्याच्या बदल्यात डिझेल टाकून दिलं होतं, फुल होती टाकी.

---

नाना_एसटीवाले | मंगळवार, रात्री ९:५८

बास. मग भरलेली गाडी घाट चढते आणि रिकामी चढत नाही यात नवल काही नाही. तू लोड बघत होतास, बघायची होती टाकी.

नीट ऐक. तुझ्या गाडीला वेगळा फीड पंप नाही, रोटरी पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाईन ओढीवर आहे. अशा लाईनला बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि मिस्त्री म्हणतो लाईन ओके, पंप खोला. आणि टाकीच्या आत जो उभा सक्शन पाईप असतो त्याला मधे कुठंतरी गंजून भोक किंवा चीर पडली असेल तर टाकी भरलेली असताना ते भोक डिझेलमध्ये बुडालेलं असतं, कळतच नाही. डिझेल खाली गेलं की भोक उघडं पडतं. त्यात घाटात गाडीचं तोंड वर, डिझेल मागे सरकलं, की स्ट्रॉला मधे भोक असल्यावर ऊसाचा रस जसा येतो तसं, अर्धा रस अर्धी हवा.

हे मी ओतूरला न येता बोलतोय म्हणून आत्ताच टाकी उतरवू नको. आधी सिद्ध कर. हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लोकांचा लेव्हलचा पारदर्शक पाईप मिळतो, पंपाच्या इनलेटच्या मापाचा फूटभर घे, फिल्टरपासून पंपाला जाणाऱ्या पाईपच्या जागी तो लाव, दोन्हीकडे जुबली क्लिप. काटा पावच्या खाली असताना चढावर चालव, कुणाला तरी बरोबर घे, थांबून बोनट उघडून बघ. बुडबुडे दिसले तर एअर नक्की. मग तोच पाईप फिल्टरच्या अलीकडे लाव. तिथंही बुडबुडे असतील तर फिल्टर आणि त्याचे वायसर निर्दोष, दोष मागे टाकीकडे. असं एकेक जॉइंट मागे सरकत जायचं. तपासून झालं की तो पाईप काढून टाक, डिझेलमध्ये तो कडक होतो आणि एक दिवस चिरतो.

---

सुनीता_ट्रान्सपोर्ट | मंगळवार, रात्री १०:२५

अजून सोपं सांगू? पाच लिटरचा कॅन घ्या, केबिनच्या मागं हौद्यात नीट बांधा, सायलेन्सरपासून लांब, सक्शनचा पाईप त्यात सोडा. रिटर्नचा पाईप (पंपातून जादा डिझेल परत आणतो तो) पण त्याच कॅनमध्ये, हे विसरलात तर कॅन दहा मिनिटांत टाकीत रिकामा होतो आणि तुम्ही रस्त्यात उभे, विचारा मला कसं माहिती. त्या कॅनवर घाट चढा. मिसिंग गेलं तर टाकी आणि टाकीची लाईन दोषी. नाही गेलं तर फिल्टरपासून पुढं.

---

पंप_नोझल_सांगली | बुधवार, सकाळी ८:३०

मी स्वतः पंप-नोझल तपासून सेट करायचं, कॅलिब्रेशनचं काम करतो त्यामुळं माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय, पंप खोलू नका. रोटरी पंप खराब असला तर तो ओढ, स्टार्टिंग, ॲव्हरेज सगळीकडं रोज दिसतो, काट्याकडं बघून दिसत नाही. आमच्याकडं येणाऱ्या दहा पंपांतले निदान तीन तरी विनाकारण आलेले असतात. बेंचवर लावला की बरोबर निघतात, मग गिऱ्हाईक म्हणतं आता खोललाच आहे तर किट टाका.

एक प्रश्न बाळूभाऊ, ॲटोमायझर बसवताना खालची तांब्याची वायसर नवीन टाकली का? आणि जुनी निघाली का? हे विचारतोय कारण तुम्ही म्हणताय नोझल केल्यावर सकाळची खडखड वाढली. नवीन नोझल, प्रेशर बेंचवर सेट केलेलं, फवारा बरोबर, मग वाढली का? शंका येण्यासारखं आहे.

---

घाटवाला_किरण | बुधवार, सकाळी ९:०२

बीएस-६ डिझेलमुळं पण होतं ना हे? जुन्या पंपाला सल्फर कमी असलेलं डिझेल मानवत नाही म्हणतात. मी दर टाकीला २०० मिली टू-स्ट्रोक ऑईल टाकतो.

---

पंप_नोझल_सांगली | बुधवार, सकाळी ९:४०

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं हे खरं. पण वंगणाचा गुण रिफायनरीतच ॲडिटिव्ह टाकून राखतात, बीआयएसच्या मानकात त्याची मर्यादा दिलेली आहे. तुमच्या ऑईलनं फायदा होवो न होवो, बाळूभाऊंचं मिसिंग चार महिन्यांपूर्वी सुरू झालंय, डिझेल बदलून वर्षं झाली. हा धागा तिकडं नका नेऊ.

---

ओतूरचा_बाळू | गुरुवार, सकाळी ८:१५

नाना, आत्ताच हात धुऊन लिहितोय. नट ढिले केले सगळे. एक नंबर ढिला केला, इंजिन पडलं. दोन, पडलं. चार, पडलं, बंदच पडत होतं. तीन नंबर ढिला केला, काहीच नाही. आवाजात तसूभर फरक नाही. फडक्यावर डिझेल मात्र येत होतं, बाकीच्यांइतकंच, धार तुटक तुटक पण जोरात. म्हणजे पंप तीनला डिझेल देतोय ना?

मग मंदारदादांचं कॉइलचं आठवलं. तीनचा ॲटोमायझर काढून दोनला लावला, दोनचा तीनला. परत स्टार्ट. चोर तीनलाच बसलाय. ॲटोमायझर बदलला तरी जागा सोडत नाही.

मोठा मुलगा बघत होता, म्हणाला बाबा डॉक्टरसारखं वाटतंय.

---

ह्युस्टनचा_मंदार | गुरुवार, सकाळी ८:३३

येस्स! म्हणजे ॲटोमायझर निर्दोष.

---

नाना_एसटीवाले | गुरुवार, सकाळी १०:१०

शाबास बाळू. डिझेल येतंय, ॲटोमायझर बरोबर, तरी तीन पेटत नाही. आता उरलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा ॲटोमायझरची बैठक. कॉम्प्रेशनवर उडी मारून हेड खोलायच्या आधी सांगलीवाल्याने विचारलेलं बघ. त्याचा प्रश्न मला पण सुचायला पाहिजे होता, वय झालं.

तीनचा ॲटोमायझर परत काढ. भोकात मोबाईलची बॅटरी मारून बघ. खाली तांब्याची कडी चिकटलेली दिसते का? पुष्कळदा काय होतं, जुनी वायसर काजळीने हेडला घट्ट चिकटून बसते, ॲटोमायझर एकटाच वर येतो, मिस्त्री घाईत असतो, नवीन वायसर टाकून ॲटोमायझर बसवतो. म्हणजे आता खाली दोन वायसर. ॲटोमायझर दीड-दोन मिलिमीटर वर उचलला गेला. वाटतं त्यात काय, पण डायरेक्ट इंजेक्शनला फवारा पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या जागी पडावा लागतो. वर उचलला की तो भलत्या ठिकाणी आपटतो, थंड धातूवर पडतो, जळत नाही, पांढरा धूर. गरम झाल्यावर कसंबसं जळतो. आणि पूर्वी एकच वायसर होती तेव्हा तक्रार कमी होती, नोझल केल्यावर वाढली. तुझ्याच तोंडचे शब्द.

टॅपेटची (व्हॉल्व उघडतो तो भाग) फट पण फीलर गेजने बघून घे, तीनचे दोन्ही. व्हॉल्व दबून राहिला असेल तर कॉम्प्रेशन तिथून जातं. माप गाडीच्या पुस्तकात असेल, अंदाजाने नको.

---

ओतूरचा_बाळू | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

सापडली!!!

टॅपेट बरोबर निघाले. तीनच्या भोकात बॅटरी मारली तर आधी नुसतं काळं दिसलं, मला वाटलं काही नाही. मग सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा केला, ग्रीस लावला आणि हळूहळू खरवडत राहिलो, पाऊण तास, आणि आकड्याला काळी कडी आली वर. पुसली तर तांबं. काजळीनं इतकी काळी झाली होती की हेडचाच भाग वाटत होती. कचरा आत पडू नये म्हणून ग्रीस लावायचं हे आमच्या आईनं सुचवलं, तिला गाडीतलं काही कळत नाही पण चाळणीतून दाणे पडू नयेत हे कळतं.

भोक पुसून घेतलं, ॲटोमायझर न लावता दोन सेकंद स्टार्टर मारला, उरलेलं काळं भसकन बाहेर आलं. एकच नवीन वायसर टाकून बसवला. बाकीचे तीन पण काढून बघितले, तिथं एकेकच होती. उद्या सकाळी थंड स्टार्ट केल्यावर सांगतो.

मिस्त्रीला फोन केला नाही. करायचा नाहीच असं नाही, पण आज नको. चांगला माणूस आहे, त्या दिवशी त्याच्याकडं तीन गाड्या उभ्या होत्या.

---

पंप_नोझल_सांगली | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

तो स्टार्टर मारताना तोंड बाजूला होतं ना? आणि हाय प्रेशर पाईप सोडलेले होते ना, नाहीतर डिझेलची धार उडते.

---

ओतूरचा_बाळू | गुरुवार, संध्याकाळी ७:२४

पाईप सोडलेला होता, टोकाला बाटली लावली होती. तोंड बाजूला होतं. शर्ट नव्हता बाजूला.

---

सुनीता_ट्रान्सपोर्ट | शुक्रवार, सकाळी ९:००

काय झालं सकाळी? आमच्याकडं मंडळी पण विचारतायत, धागा मोठ्यानं वाचून दाखवतेय रोज जेवताना.

---

ओतूरचा_बाळू | शुक्रवार, सकाळी ११:३०

ताई, सकाळी साडेपाचला चावी मारली. खडखड नाही. पांढरा धूर पहिल्या अर्ध्या मिनिटाला थोडा, तो थंडीचा असेल, मग काही नाही. तीनचा नट ढिला केला तर इंजिन धाडकन पडलं. इतका आनंद झाला की परत परत ढिला करून बघत होतो, बायको म्हणाली पुरे आता, डिझेल सांडतंय.

आता घाटाचं. लेव्हलचा पाईप आणलाय. आज रात्री वाशी, उद्या पहाटे येताना बघतो.

---

ओतूरचा_बाळू | शनिवार, दुपारी २:१०

नाना, पाया पडतो.

येताना टोकावड्याला थांबून पाईपकडं बघितलं, सपाटीला, काटा पावच्या थोडा वर. एक बुडबुडा नाही, नुसतं पिवळं स्वच्छ डिझेल. घाट सुरू झाला, दुसऱ्या वळणानंतर पहिला झटका. बाजूला घेतली, चालूच ठेवली, बोनट उघडलं. पाईपात सोड्याच्या बाटलीसारखं. बारीक बुडबुड्यांची माळ, मधेच एक मोठा, तो पंपात गेला की इंजिन खोकलं. मी पाच मिनिटं नुसतं बघत उभा होतो, चार महिने ज्याच्या मागं लागलो ते डोळ्यासमोर चाललं होतं. घरी आलो, फिल्टरच्या अलीकडं पाईप लावला, मागची चाकं खाली खड्ड्यात घेऊन तोंड वर केलं, तिथं पण बुडबुडे.

मग चेसिसवरचे जॉइंट राहिले होते, त्यांना ग्रीस थापलं सगळीकडं. फरक नाही. म्हणजे टाकीच. दुपारी टाकीवरचं झाकण सोडून सक्शन पाईप बाहेर काढला. तळापासून चार-पाच बोटं वर, जिथं आधाराची पट्टी वेल्ड केलीय, तिथं नखाएवढी चीर, आणि कडेनं गंज सोलल्यासारखा. तळाची जाळी पण अर्धी गंजानं भरलेली. एक टोक तोंडात धरून दुसरं बोटानं दाबून फुंकलं तर चिरेतून हवा गालाला लागली.

---

नाना_एसटीवाले | शनिवार, दुपारी २:३०

ती चिमूटभर गंज दिसली तेव्हाच मला हा पाईप डोळ्यासमोर आला होता.

चीर एम-सील लावून बुजवू नको, डिझेलमध्ये टिकत नाही, सुटला की तुकडा फिल्टरला. नवीन मिळाला तर नवीन घाल, नाही तर ब्रेझिंग करून घे, पितळेचं. पाईप बाहेर काढून, धुऊन, वाळवून मगच. टाकीजवळ गॅसची ज्योत न्यायची नाही, टाकी रिकामी असली तर अजिबातच नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. जाळी धू, टाकी एकदा डिझेलनेच खळबळून काढ. झाकणाचं गॅसकेट नवीन.

---

ओतूरचा_बाळू | बुधवार, रात्री १०:४०

उशीर झाला लिहायला, दोन फेऱ्या करूनच सांगायचं ठरवलं होतं. नवीन पाईप मिळाला नाही, आळेफाट्याला ब्रेझिंग करून घेतलं, तीनशे रुपये. गॅसकेट आणि वायसर मिळून एकशे ऐंशी. काल आणि आज, दोन्ही वेळा मुद्दाम काटा लाल पट्ट्याला टेकवून घाट चढवला, घाटमाथ्यावरच्या खुबीपर्यंत एक झटका नाही. धरणाच्या कडेला थांबून चहा घेतला, बोनट उघडायची सवय लागलीय, उघडून बघितलं, काही नव्हतं बघण्यासारखं.

सकाळी स्टार्टिंग पण अर्ध्या चावीत, आधी रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरायचं वाटतं.

पंप तसाच आहे, खोलला नाही. मिस्त्रीला दोन्ही वायसर दाखवल्या. तो बराच वेळ बोटात फिरवत बसला, मग म्हणाला पुढच्या वेळी ऑईल बदलीची मजुरी घेणार नाही.

---

सुनीता_ट्रान्सपोर्ट | बुधवार, रात्री १०:५५

👏👏 आमच्या दोन्ही गाड्यांच्या टाक्या आता उघडायला लावते ह्यांना.

---

घाटवाला_किरण | गुरुवार, सकाळी ८:०५

भारी धागा झाला. नाना, माझी पण पिकअप सकाळी थोडी हलते, २०१७ ची, कॉमन रेल. पाना घेऊन नट ढिले करून बघू का?

---

नाना_एसटीवाले | गुरुवार, सकाळी ८:०७

पाना खाली ठेव.

नवीन धागा काढ आणि तुझ्या गाडीला ईसीएम आहे, तिला स्कॅनर लाव.